तुम्ही विचारलंत म्हणून: न खेळणाऱ्याचा पगार

गणपतीत विचारलंत, कोजागिरीला विचारलंत, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच: "तुमच्या त्या फिनिक्स सन्सने ब्रॅडली बीलला काढून टाकलं ना? मग २०३० पर्यंत त्याला पैसे कसले देताय?" 'देताय' असं म्हणता, जणू चेकवर सही माझी असते. त्याच्या पुढचं वाक्यही मला आता पाठ झालंय. "आमच्या आयपीएलमध्ये बघ. सोडला की सोडला, पर्समध्ये पैसे परत."

एकदाच नीट लिहून टाकते. फिनिक्स सन्स हा एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला माझा संघ, आणि ब्रॅडली बील त्याचा माजी खेळाडू.

फिनिक्सने जून २०२३ मध्ये फ्रँक व्होगेल नावाचा प्रशिक्षक पाच वर्षांच्या कराराने आणला आणि एका हंगामानंतर घालवला. मग माइक बुडेनहोल्झर आणला, तोही पाच वर्षांसाठी, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यालाही नारळ दिला. आता जॉर्डन ऑट आहे. चार हंगामांत चौथा माणूस. घालवलेल्या प्रशिक्षकांच्या पैशाबद्दल तुम्ही मला कधी एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि विचारूही नका, कारण तो सगळा मॅट इश्बियाच्या खिशाचा प्रश्न आहे. मालक आहे, श्रीमंत आहे, त्याचं तो बघून घेईल. प्रशिक्षकाचा पगार संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे संघाने पगारावर किती खर्च करायचा याच्या लीगने आखलेल्या हिशेबात, धरत नाहीत. खेळाडूचा धरतात, आणि तो संघात असो वा नसो, धरतात. बीलला जाणाऱ्या पैशाचं मला दुःख नाही. त्या पैशाने अडवलेल्या जागेचं आहे. आयपीएलमध्ये खेळाडू सोडला की जागा मोकळी होते. इथे खेळाडू जातो आणि जागा अडवून जातो.

इथवर कसे आलो ते तुम्हाला माहीत आहे: आमच्या डेव्हिन बुकरच्या जोडीला आधी केव्हिन ड्युरांट आणला, मग बील, मग "आता बुकर धरून हे तिघं, अजून काय हवं." त्यात पडत नाही. २०२४-२५ चा हंगाम मात्र सोडता येत नाही. पहिल्या नऊपैकी आठ सामने जिंकले होते हो आम्ही. शेवट ३६ विजय आणि ४६ पराभव. प्ले-इनसुद्धा नाही, म्हणजे बाद फेरीत शिरायची शेवटची संधीही नाही. आणि पगार अधिक लक्झरी टॅक्स (पगारावर फार खर्च केला की लीगला भरायचा दंड) मिळून त्या संघाचं बिल ३६ कोटी डॉलरच्या वर, लीगमधलं सगळ्यात मोठं.

एवढा महागडा संघ वाईट खेळत असेल तर माणसं बदलायची, हे कुणालाही सुचेल. पण २०२३ च्या नव्या करारापासून पगाराच्या खर्चावर 'सेकंड ॲप्रन' नावाची एक रेघ आली आहे, आणि तिच्या वर गेलेल्या संघाचे हात बांधलेले असतात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही. जेवढ्या पगाराचा माणूस पाठवला त्याहून एक डॉलर जास्तीचा परत घेता येत नाही. म्हणजे बीलच्या पाच कोटींच्या बदल्यात एखादा मोठा खेळाडू आणायचा तर जायला बीलच हवा, आणि बीलच्या करारात 'माझ्या संमतीशिवाय मला कुठेही पाठवायचं नाही' हे कलम. असं कलम असलेले खेळाडू अख्ख्या लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फेब्रुवारीत जिमी बटलरला फिनिक्सला यायचं होतं, फिनिक्सला तो हवा होता. तो गोल्डन स्टेटला गेला. जानेवारीतच बीलला पहिल्या पाचातून काढून बाकावर बसवलं होतं. वर्षाला ५ कोटी डॉलरचा राखीव खेळाडू! तुम्ही त्यावरही हसलात. मीही हसले, नाही असं नाही.

आता १६ जुलै २०२५.

बाबा तेव्हा आमच्याकडे चँडलरला आलेले होते. ॲरिझोनाचा जुलै म्हणजे सकाळी साडेपाचला फिरून यायचं आणि मग सूर्य मावळेपर्यंत दार उघडायचं नाही. बाबांनी सगळी नोकरी सहकारी बँकेत केली, त्यातली बरीचशी वसुली विभागात. बास्केटबॉलमध्ये त्यांना रस शून्य, पण आकडा दिसला की माणूस सावरून बसतो. संध्याकाळी मी जेवताना सांगितलं, की बीलशी तडजोड झाली, दोन वर्षांचे राहिलेले पैसे पाच वर्षांत देणार. बाबांनी विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि पेन मागितलं.

"मूळ येणं किती?"

"या वर्षीचे ५ कोटी ३७ लाख, पुढच्या वर्षीचे ५ कोटी ७१ लाख. अकरा कोटी आठ लाख डॉलर."

"आणि सोडले किती त्याने?"

"एक कोटी एकोणचाळीस लाख."

बाबांनी लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. "साडेबारा टक्के सूट. ठीक आहे. पण हा आकडा असा वाकडा कसा? एकरकमी परतफेडीच्या किती फाइली केल्यात मी. समोरासमोर बसून घासाघीस झाली की आकडा गोल येतो. एक कोटी सोड, दीड सोड. एकोणचाळीस लाख कोणी तोंडाने मागत नाही, बाळा. हा कुठल्यातरी गणितातून आलाय."

मला ते माहीत नव्हतं असं नाही, सकाळीच वाचलं होतं. पण जो माणूस बीलला ओळखतही नाही, त्याला नुसत्या आकड्याच्या तोंडावळ्यावरून वास आला, याचं मला भारी वाटलं. मग नियम सांगितला. खेळाडूला मोकळं करून त्याचे पैसे लांबवायचे असतील तर मुदत मिळते उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. दोनाची दुप्पट चार, अधिक एक, पाच. मात्र अशा लांबवलेल्या, न खेळणाऱ्या खेळाडूंच्या पगाराचा एका वर्षाचा बोजा पगारमर्यादेच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये. २०२५-२६ च्या हंगामाची मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर.

"पंधरा टक्के म्हणजे दोन कोटी बत्तीस लाख," बाबा म्हणाले. "आधीचं काही थकीत आहे?"

होतं. नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल, दोघांना आधीच असंच हप्त्यांवर घालवलेलं. दोघांचे मिळून वर्षाला अडतीस लाख.

"मग उरले एक कोटी चौऱ्याण्णव. गुणिले पाच, नऊ सत्तर. अकरा आठमधून नऊ सत्तर गेले..." पेन टेबलावर आपटलं. "एक अडतीस!"

"एकोणचाळीस, बाबा."

"एखादा लाख पूर्णांकात गेला असेल. पण कळलं का तुला? ही तडजोड नव्हेच. जेवढं सोडल्याशिवाय नियमात बसत नव्हतं, तेवढंच सोडलंय. पै जास्त नाही. वकील हुशार आहे त्याचा." आणि मग, वसुलीवाल्याच्या जुन्या सवयीने, "कर्ज मंजूर कुणी केलं होतं?"

बीलच्या आधीच्या संघाने, वॉशिंग्टनने, २०२२ मध्ये. पाच वर्षांचे २५ कोटी १० लाख, वर ते संमतीचं कलम. फिनिक्सने तो करार पुढच्या वर्षी कलमासकट उचलला.

"म्हणजे दुसऱ्या शाखेची बुडीत फाइल," बाबा म्हणाले, "आपण होऊन घेतली." आणि त्यांनी पाकिटावर पाच उभे रकाने आखले, २५-२६ पासून २९-३० पर्यंत, आणि प्रत्येकात १.९४ लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबवून सांगितलं, की बुकरचा करार आठवड्यापूर्वीच वाढवलाय, तोही २०२९-३० लाच संपतो. आमचा एकुलता एक घरचा खेळाडू तेव्हा तेहतिशीत असेल, आणि त्याच्या उरलेल्या प्रत्येक हंगामात बील त्याच्या शेजारी, पांढऱ्या कागदावर, खेळत असेल.

बीलचं काय झालं? तो लॉस एंजेलिसला, क्लिपर्सकडे, दोन वर्षांच्या साधारण १ कोटी १० लाखांच्या करारावर. सोडलेल्यातले बहुतेक तिथे भरून निघाले. तुम्हाला त्याचा राग येतो, "न खेळता खातो" म्हणता. मला इथे तुमच्या बाजूने बोलता येत नाही. इथे नोकरीतून काढतात तेव्हा काय देतात ते मला ठाऊक आहे, मी काही आठवड्यांचा पगार आणि एक खोका घेऊन बाहेर आलेली बाई आहे. कुणाला करारातला शब्द न् शब्द मिळत असेल तर माझं मन आधी त्याच्याकडे झुकतं. खेळाडूंच्या संघटनेने ही हमी भांडून मिळवलीय. हे म्हणते, आणि मग एखाद्या संध्याकाळी आपला राखीव गार्ड तीन शॉट सलग हुकवतो तेव्हा तोंडातून पहिलं नाव बीलचंच येतं.

पण हे करायला नको होतं का? इथे माझं माझ्याशीच पटत नाही. १ जुलैला मिलवॉकीच्या संघाने त्यांच्या डेमियन लिलार्डशी हेच केलं. एप्रिलमध्ये त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला, वर्षभर खेळणार नव्हता, म्हणून त्याचे ११ कोटींच्या वरचे पैसे पाच वर्षांवर पसरले, वर्षाला सव्वादोन कोटी, आणि त्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. तेव्हा मिलवॉकीजवळ राहणाऱ्या मैत्रिणीला मी फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं. ऋण काढून सण, त्यांच्या यानिस या मोठ्या खेळाडूला खूश ठेवायला पाच वर्षं गहाण, वगैरे. पंधरा दिवसांनी आमच्याकडे तेच झालं आणि मी समर्थन करायला लागले.

समर्थन असं. ही सही झाली आणि फिनिक्स दोन्ही ॲप्रनच्या (पहिली रेघ सेकंडच्या जरा खाली असते) खाली आलं, लक्झरी टॅक्सच्याही खाली. हात सुटले. दोन पगार एकत्र करता येतात, मधल्या फळीतला माणूस घेता येतो. शिवाय टीव्हीचा नवा करार २०२५-२६ च्या हंगामापासून सुरू, अकरा वर्षांचे ७,६०० कोटी डॉलर, म्हणजे पगारमर्यादा वाढत जाणार आणि १ कोटी ९४ लाख त्यात दरवर्षी थोडे लहान दिसणार. आणि तिसरं, जे तुम्ही कधीच लक्षात घेत नाही: "हरा ना दोन वर्षं, चांगला ड्राफ्ट पिक मिळेल," हा मार्ग आम्हाला नाही. (ड्राफ्ट पिक म्हणजे नवे खेळाडू निवडायची पाळी; हरणाऱ्या संघाला ती आधी मिळते.) आमचे पहिल्या फेरीचे पिक ड्युरांटच्या आणि नंतरच्या सौद्यांत गेलेत. आम्ही हरलो की फायदा दुसऱ्याचा. २०२५ चा आमचाच दहावा पिक ह्यूस्टनकडे होता. ड्युरांट त्यांना दिला तेव्हा तो परत आला आणि त्यातून खमान मालुआच हा नवा खेळाडू मिळाला. स्वतःचीच वस्तू परत मिळवायला ड्युरांट मोजला! ज्या संघाला हरणंही परवडत नाही त्याने निदान हात तरी मोकळे ठेवावेत.

हे सगळं मला पटतं. मग जुलैच्या पहिल्या तारखेची मी विचारते, की हात मोकळे झाले, पण मुठीत काय? २०२५-२६ मध्ये पहिल्या ॲप्रनच्या खाली राहणाऱ्या संघाला बाहेरचा एक चांगला खेळाडू घ्यायला जी सवलत मिळते ती १ कोटी ४१ लाखांची. न खेळणाऱ्या तिघांवर जातात २ कोटी ३२ लाख. म्हणजे पहिल्या पाचातला एक आणि बाकावरचे दोन-तीन, दर वर्षी, पाच वर्षं, आले असते. शिवाय दुसरी वाट होतीच: बीलला आणखी दोन वर्षं सोसायचं आणि २०२७ मध्ये पाटी कोरी. दोन वर्षं सेकंड ॲप्रनच्या वर कुजायचं, टॅक्स भरायचा, पण २०३० पर्यंतचं ओझं नाही. टॅक्स मालकाचा, ओझं संघाचं, असं मीच वर लिहिलंय ना? त्या हिशेबाने हा सगळा सौदा मालकाच्या सोयीचा होतो, आणि माझं समर्थन तिथे लंगडं पडतं. त्याला माझं उत्तर इतकंच, की अजून दोन वर्षं तसला संघ मी बघू शकले नसते. हा युक्तिवाद नव्हे, मला कळतं.

बाबा सप्टेंबरात सांगलीला परत गेले. बास्केटबॉल अजूनही बघत नाहीत, पण परवा फोनवर पहिला प्रश्न होता, "त्या १.९४ चा पहिला हप्ता गेला का?" मिलवॉकीच्या मैत्रिणीलाही सगळं कळलंय. तिचा मेसेज आलाय, जुलैतलं माझं भाषण पुन्हा ऐकायचंय म्हणते. दिवाळीला भेटणार आहोत, तेव्हा तुमच्यापैकी कोणी मध्ये पडू नका.