अर्धी नमो मारिये

"बरं कर म्हणून मागू नकोस," पपा म्हणाले. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्यांचे शब्द घसरतात, म्हणून मला दोनदा विचारावं लागलं. "सायबाला सांग, यंदा मला येता आलं नाही, पोराला पाठवलंय. एवढंच."

बावीस वर्षं ते सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत गेले. मी एकदाही गेलो नव्हतो. त्यांच्या आजारपणात तर माझी प्रार्थनाच थांबली. आधी अतिदक्षता विभागाबाहेर बसून जपमाळ फिरवली, मग फिरवायची सोडली. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो ते आईला एकटीला बसावं लागू नये म्हणून.

28 नोव्हेंबरच्या पहाटे आम्ही अकराजण निघालो. बांदा, गोव्याची हद्द, पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक. पहिल्या दिवसाचं डोक्यात राहिलं ते ट्रकांचे हॉर्न आणि पुढून येणारा आमच्यातल्या आंटींचा आवाज. त्या अर्धी नमो मारिये, जपमाळेवरची मारियामातेची प्रार्थना, म्हणायच्या, मागच्यांनी उरलेली अर्धी. पन्नास झाल्या की पुन्हा पन्नास. मला राग येत होता. या लोकांना देवाला कधी काही विचारावंसं वाटतच नाही का? माझे ओठ हलत होते, पण "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" आलं की पपांची खाट डोळ्यांपुढे यायची आणि पुढचं घशातच राहायचं. माझ्यावाचून प्रार्थना काही थांबत नव्हती. बाकीचे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी धारगळ सोडल्यावर डाव्या टाचेला फोड आला. रुंद केलेला हायवे, झाडं तोडलेली, सावलीचं नाव नाही. टाच टेकवायची नाही म्हणून चवड्यावर चालायला लागलो, तर तासाभरात चवड्यालाही फोड. बाकीचे पुढे गेले. त्यांनीच पुढे जावं असं मी सांगितलं होतं, आणि ते गेले याचाही मला राग आला. पायरीच्या दगडासारखं काहीतरी दिसलं तिथे बसलो आणि बूट काढला. मोजा कातड्याला चिकटला होता.

ती पायरी एका घराची होती. अंगणात तुळशीवृंदावन, पलीकडे वाळत घातलेल्या सुपाऱ्या. आतून एक म्हातारी बाई आली. मी उठायला लागलो तशी म्हणाली, "बस हांगा. पांय दाखय."

नाव, गाव काही विचारलं नाही. मीठ घातलेलं कोमट पाणी घमेल्यात आणलं आणि माझे दोन्ही पाय स्वतः त्यात ठेवले. मी नको नको म्हणत होतो, तिचं लक्षच नव्हतं. मग सुई दिव्यावर धरून तापवली, दोरा ओवला आणि फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडं जाग्यावर राहतं. वर खोबरेल, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी. तिच्या अंगठ्याचं कातडं सुपारी सोलून चिरलेलं होतं, खरखरीत, पण हात इतका हलका की मला रडू आलं. पाय दुखतोय म्हणून रडतोय असंच तिला वाटलं असणार. तिने पेज आणली, मिठातलं तोर, म्हणजे कैरी, आणलं, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

निघताना तिने पदराच्या गाठीतून दहाच्या दोन नोटा काढल्या. मुलगा तारवार, म्हणजे जहाजावर आहे, त्याच्यासाठी सायबाक एक मेणवात लाव, म्हणाली. सायब स्वतः दर्यातूनच आला ना, त्याला दर्याचं ठाऊक.

नोटा खिशात घालून चालायला लागलो. आता माझ्याकडे दोन निरोप होते, आणि दोन्ही माझे नव्हते.

कोलवाळच्या पुलापर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. बायबलमधल्या कफर्णहूम गावात चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, ती गोष्ट. तिथे लिहिलंय, येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्यात पक्षाघाती पपा आहेत असंच मी धरून चाललो होतो. त्या पुलावर मला पहिल्यांदा वाटलं, खाटेवर मी आहे. चार कोपरे धरलेत ते पपांनी, आंटींनी, आईने आणि आता या बाईने. माझा विश्वास आटला तेव्हा मी ख्रिस्ती उरलो तो यांच्या जोरावर. एकट्याला हे जमतच नाही, आणि एकट्याने जमवावं असं ख्रिस्ताने कुणाला सांगितलेलंही नाही.

म्हापसा, पर्वरी, पणजी गेलं. तिसऱ्या पहाटे रायबंदरचा पोर्तुगीजांच्या वेळचा लांबलचक बांध, डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, आणि कुणीच बोलत नव्हतं. सायब 1542 साली गोव्यात आला, घंटा वाजवत रस्त्यारस्त्याने फिरला आणि पोरांना गोळा करून प्रार्थना शिकवल्या. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. ज्या चीनसाठी निघाला, त्याच्या मुख्य भूमीवर त्याचं पाऊल पडलं नाही. मागितलेलं मिळालं नाही म्हणून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. याने मरेपर्यंत टाकलं नाही.

सायबाचं शव असलेल्या बॉम जेझूस बासिलिकेच्या गिलावा काढलेल्या लाल चिऱ्यांवर ऊन आलं होतं. मांडवात नोव्हेनाची, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, मिस्सा चाललेली. बाहेर सायबाला वाहायचे मेणाचे हातपाय विकायला होते, मी एक हात आणि एक पाय घेतला. आधी तिची मेणवात लावली. मग पपांचा निरोप सांगितला, त्यांनी सांगितला तेवढाच.

घरी पपांनी माझे पाय खाटेवर ठेवायला लावले. डाव्या हाताने टाच चाचपली, सुकलेल्या कातड्यातून बाहेर आलेला दोरा त्यांच्या बोटाला लागला. कुणी घातला ते सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग उशीखालून जपमाळ काढली आणि सुरू केलं, "नमो मारिये, कृपा..." तिथे जीभ अडली. मी थांबलो. त्यांनी तो शब्द पुन्हा घेतला, पूर्ण केला, आणि अर्ध्यावर येऊन माझ्याकडे पाहिलं. "हे पवित्र मारिये, देवाच्या माते," मी म्हणालो.