ड्रायव्हर होतो, आता आवक-जावकला आहे

डावा पाय गुडघ्याखालून गेला तेव्हा सरकारी ड्रायव्हर म्हणून माझी बावीस वर्षं झाली होती. अपघात ड्युटीवर नाही, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर झाला.

जयपूर फूट घालून ऑफिसात गेलो, तर आस्थापनेच्या साहेबांनी चहा मागवला. तिथंच ओळखलं. कप अर्धा झाल्यावर कागद पुढे सरकवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, माझ्या नावासकट टाइप केलेला, सही तेवढी बाकी. "गाडी काही आता जमायची नाही. पेन्शन घ्या, आराम करा." माणूस वाईट नव्हता, आपण याचं भलंच करतोय असं त्यांना खरंच वाटत होतं.

घरी विचारून सांगतो म्हणून कागद खिशात घातला आणि खाली टेलिफोन ऑपरेटर काकांकडे गेलो. काका जन्मांध. त्यांनी पहिलं विचारलं, "सही केलीस?" मग धडाधड म्हणून दाखवलं: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20, पोटकलम 4. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा काढलेल्या, पदावर ठेवायचं.

"पण काका, मी ड्युटीवर नव्हतो."

"कायद्यात 'सेवेत असताना' आहे. ड्युटीचं नाव नाही."

अर्ज एका पानात बसला. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी ऑफिसात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. आमच्याकडे तो कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शोधता शोधता निघाले ते चहावाले साहेबच! अर्ज त्यांच्याच हातात दिला, पण पोच घेतल्याशिवाय हललो नाही. दोन आठवडे काहीच घडलं नाही. मग पोचेची झेरॉक्स जोडून पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार टाकली. तिथून खुलासा मागवणारं पत्र आलं आणि फाइलला एकदम पाय फुटले.

आता आवक-जावकला बसतो, पगार तोच. टेबल मात्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. त्याचा अर्ज वेगळा दिलाय. आवक नंबर मीच टाकला.