प्लिमथचं जुनं घर आणि आईचा प्रश्न

आई नाशिकहून आली की बॉस्टन, हार्वर्ड हे ठरलेलंच. या वेळी तासाभरावरच्या प्लिमथला नेलं. तिथे सँडविच स्ट्रीटवर जेबेझ हाउलंडचं लाकडी घर आहे, 1667 च्या सुमाराचं. "म्हणजे महाराज आग्र्याहून सुटले त्यानंतरचं," आईने लगेच हिशोब लावला.

जेबेझचे वडील जॉन 1620 मध्ये इंग्लंडहून इथे वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजातून आले ते जॉन कार्व्हर यांचे नोकर म्हणून. आपल्याकडचा सालगडीच म्हणा, फक्त करार कित्येक वर्षांचा. भर वादळात गडी डेकवर गेला आणि थेट समुद्रात पडला! शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो हाताला लागला. पाण्याखाली गेला तरी सोडला नाही. मग दोर ओढून, आकडा लावून त्याला वर घेतलं. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष याच माणसाचे वंशज, त्यामुळे ही गोष्ट इथे फार चवीने सांगतात.

आई मात्र एलिझाबेथपाशी अडकली. जॉनची पुढे बायको झालेली एलिझाबेथ टिली त्याच जहाजावर होती, 13 वर्षांची. पहिल्याच हिवाळ्यात 102 प्रवाशांपैकी जवळपास निम्मे गेले. त्यात तिचे आई-वडील आणि काका-काकूही.

"मग पोर राहिली कुणाकडे?"

बहुधा कार्व्हर यांच्याकडे. ते वसाहतीचे पहिले गव्हर्नर, पण 1621 च्या वसंतात तेही वारले, मागोमाग त्यांची बायको. वसाहत उभी राहिली ती इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या पटक्सेट गावाच्या जागेवर. ते गाव आधीच साथीत ओस पडलेलं, त्यामुळे जहाजातून आलेल्यांना साफ केलेली शेतजमीन आयती मिळाली. हेही आईला सांगितलं. ती काही बोलली नाही.

काही वर्षांत जॉन आणि एलिझाबेथचं लग्न झालं. दहा मुलं, आणि त्या काळात दहाच्या दहा जगली, संसाराला लागली! मोठीचं नाव डिझायर, आठवा जेबेझ.

1673 मध्ये जॉन गेल्यावर एलिझाबेथ काही काळ जेबेझच्या या घरात राहिली. पुढे स्वॉन्झी गावी मुलगी लिडियाकडे गेली. 1686 च्या मृत्युपत्रात तिने लिहवून घेतलंय की वय 79, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. पुढच्या वर्षी तिकडेच वारली.

जिना उतरताना आई म्हणाली, "शेवटी लेकीकडेच गेली ना."