तीन ग्राफ

आमच्या लॅबमध्ये पेशंट येत नाहीत, नळ्या येतात. जांभळ्या टोपणाच्या, बारकोड चिकटवलेल्या, बर्फाच्या डब्यातून. नाव नीट वाचलं जातं ते रिपोर्टवर सही करताना. या तीन नळ्यांचं तसं झालं नाही, कारण फॉर्मवर डॉक्टरांनी पेनाने लिहिलं होतं, 'प्रोजेरिया? आईवडिलांचंही करा.'

प्रोजेरिया म्हणजे लहानपणीच म्हातारपण आणणारा आजार, साधारण चाळीस लाख जन्मांमागे एक, इतका विरळा. बाळ जन्मतं तेव्हा चारचौघांसारखंच असतं. वर्षाच्या आत वजन वाढेनासं होतं, मग केस जातात, कातडी ताठरते, डोक्यावरच्या शिरा दिसू लागतात. बुद्धी शाबूत. औषधाविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांचं, आणि शेवट बहुधा हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताने.

बहुतेक मुलांत बिघाड एकाच जागी सापडतो: पहिल्या गुणसूत्रावरच्या एलएमएनए जनुकात, डीएनएच्या १८२४व्या अक्षराला, सीच्या जागी टी. फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाने आणि फ्रान्समधल्या एका गटाने २००३मध्ये ही जागा शोधली. वरवर पाहिलं तर हा बदल निरुपद्रवी आहे, कारण तीन अक्षरांमागे प्रथिनाचा एक मणी, म्हणजे अमिनो आम्ल, ठरतं आणि जीजीसीचं जीजीटी झालं तरी ते ग्लायसीनच राहतं. (याच मुलाच्या फाइलमध्ये दुसरीकडचा एक रिपोर्ट होता, 'काही आढळले नाही' असा. छान.) पण त्या एका अक्षरामुळे पेशी भलत्याच जागी कात्री चालवते. १५० अक्षरं गळतात आणि लॅमिन ए हे प्रथिन ५० अमिनो आम्लांनी आखूड बनतं. एरवी या प्रथिनाच्या टोकाला एक तेलकट शेपटी लागते आणि काम झालं की कापली जाते. आखूड प्रथिनात ती कापायची जागाच उरत नाही. मग ते केंद्रकाच्या आवरणाला चिकटून बसतं आणि केंद्रक वेडंवाकडं होत जातं.

सकाळी डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या यंत्राचा रन संपला. मुलाचा ग्राफ उघडला. त्यात प्रत्येक अक्षराला एक रंगीत शिखर; आमच्याकडे सी निळा, टी लाल. १८२४वर निळं आणि लाल शिखर एकावर एक, दोन्हींची उंची शेजारच्या शिखरांच्या साधारण निम्मी, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल. उलट दिशेने वाचलं, तेच. आईच्या ग्राफमध्ये तिथे एकटं निळं शिखर. वडिलांच्याही.

दुपारी डॉक्टरांचा फोन. "मॅडम, ग्राफचे प्रिंट घेऊन ओपीडीत या. आजींना नुसतं तोंडी सांगून पटणार नाही."

मुलगा सात वर्षांचा, खुर्चीच्या कडेवर बसलेला. गुडघे पूर्ण सरळ होत नव्हते. मला विचारलं, "मावशी, तुमच्या कॉम्प्युटरवर गेम आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग दिवसभर करता काय?"

आजींनी थेट मुद्द्याला हात घातला. "गिराणात भाजी चिरली हिनं. नको म्हनत हुते मी." सून काही बोलली नाही. सात वर्षं ऐकत असणार.

मी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. "आजी, हा नातवाचा, हा सुनेचा, हा तुमच्या मुलाचा. लाल रंगाचा डोंगर या खुणेपाशी कुणाच्यात आहे?"

त्यांनी चष्मा सारखा केला, एकेका कागदावरून बोट फिरवलं. "ह्याच्यातच हाय."

"सुनेच्यात?"

"न्हाय."

"हा फरक बहुतेक बीज तयार होतानाच पडतो, दिवस जायच्या आधी. तेव्हा ग्रहणाचा आणि भाजीचा काही संबंध नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "बीज कुनाचं मग?"

प्रश्न चोख होता. बहुतेक मुलांत हा बदल वडिलांकडून आलेल्या प्रतीत घडतो. या घरात कुणाकडून, ते तपासता आलं असतं, पण आम्ही तपासलेलं नव्हतं आणि मी तेवढंच सांगितलं. उपचारात त्याने कणभर फरक पडत नाही. फक्त बोट सुनेवरून आजींच्या मुलाकडे वळलं असतं. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, विचारलं की सगळं सांगावं. मला नाही पटत. मी आजींना म्हटलं, शरीर अब्जावधी अक्षरं उतरवून काढतं, त्यात एखादं चुकतं, आणि ते कुणाच्याही घरात होऊ शकतं.

"आनि फुडच्या खेपेला?"

शक्यता फार थोडी, पण शून्य नाही, असं डॉक्टर म्हणाले. कधी कधी आईच्या किंवा वडिलांच्या मोजक्याच पेशींत हा बदल लपलेला असतो आणि रक्तात दिसत नाही. गर्भ अकरा-बारा आठवड्यांचा झाला की वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासता येतं.

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "आधी ह्याचं बघू. औषध आहे म्हणालात ना?"

लोनाफार्निब. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. ते तेलकट शेपटी लागूच देत नाही. आजार बरा होत नाही, आयुष्य काहीसं वाढतं. ते इथे बसून चिठ्ठी लिहून मिळणारं औषध नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. आधी अमेरिकेतल्या प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन या संस्थेकडे मुलाची नोंद करायची, सोबत आमचा रिपोर्ट जोडायचा. वडील मोबाइलवर सगळं टिपून घेत होते, मध्येच स्पेलिंग विचारत होते.

डोस वजन-उंचीवरून ठरतो म्हणून मुलाला काट्यावर उभं केलं. दहा किलो आठशे.

"मागच्या वेळी सातशे होतं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी फाइल उलटून पाहिली. बरोबर होतं.