एवढं तांबं असून ते गरीब कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर चालताना कुणी ना कुणी विचारतंच. "तुम्ही झांबियात सहा वर्षं होतात ना? मग सांगा, जमिनीत एवढं तांबं असून ते लोक गरीब कसे?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात: आळशी असतील, नाहीतर पुढारी खात असतील. तांबट आळीतला मामा तर घागरीवर ठोके घालता घालताच विचारतो, मानसुद्धा वर करत नाही.

2005 साली सातपूरहून झांबियातल्या कित्वेला तांब्याच्या खाणीत नोकरीला गेलो तेव्हा माझंही मत हेच होतं. गेस्ट हाउसवर रात्री आम्ही चार भारतीय जमलो की याच गप्पा. त्यामुळे आता तुमच्यावर चिडताना लाज वाटते. थोडी.

तर एकदाच सांगतो. 1890च्या सुमारास एका ब्रिटिश कंपनीनं तिथल्या राजांच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि त्या जोरावर 1964पर्यंत खनिजावरची रॉयल्टी खाल्ली. स्वातंत्र्य तोंडावर आलं तेव्हा हक्क सोडायचे चाळीस लाख पौंड घेतले, त्यातले निम्मे त्या नव्या देशाच्याच खिशातून. तेव्हा अख्ख्या देशात पदवीधर शंभराच्या आसपास. 1969 साली तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष काउंडा यांनी खाणींतला 51 टक्के हिस्सा सरकारकडे घ्यायचं ठरवलं. पाच-सहा वर्षांत तांब्याचा भाव कोसळला, कर्ज चढलं, आणि 1997 ते 2000 मध्ये खाणी पुन्हा विकाव्या लागल्या. कायद्यात रॉयल्टी 3 टक्के, विकतानाच्या करारांत 0.6! आपल्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरेंचं नाव आहे, ज्यांनी 1909 साली इथल्या इंग्रज कलेक्टरला, जॅक्सनला, गोळ्या घातल्या. तरी तुमच्या-माझ्या तोंडी गोल्फ क्लबच. तिथल्या खाणींचं तसंच काहीसं झालं.

यावर एकजण हमखास बोट्सवाना काढतो. तिथे 1967 साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, हिरे सापडले. सरकारनं खनिजाचे हक्क जमातींकडून स्वतःकडे घेतले, पुढे खाणकंपनीत निम्मी भागीदारी मिळवली. "म्हणजे शेवटी पुढाऱ्यांवरच आलं ना?" असेल. पण इंग्रजांना तिथे नेण्यासारखं काही दिसलंच नव्हतं, म्हणून नेण्याची यंत्रणाही मागे राहिली नव्हती. मैदानावर बोलताना हे मला अगदी पटतं. घरी आल्यावर तेवढं पटत नाही.

कारण त्या यंत्रणेत मी होतो. 2008च्या जुलैत टनाला आठ हजार डॉलरच्या वर असलेलं तांबं डिसेंबरात तीन हजारांच्या आसपास आलं. मी मेंटेनन्सला. नोव्हेंबरात साहेबांनी बोलावून सांगितलं, पंप सेक्शनची माणसं कमी करायचीत, कॉन्ट्रॅक्टवरची आधी. नावं दे आणि कुठे बोलू नकोस. मी चौदा नावं लिहिली. चौथं माझ्या फिटरचं. खाणीतलं पाणी उपसणारे पंप त्याच्या कानावर चालायचे; बेअरिंग जाणार हे तो नुसत्या आवाजावरून दोन दिवस आधी सांगायचा. त्याला कायम करायचा कागद मीच दोनदा "पुढच्या बजेटला बघू" म्हणून मागे ठेवला होता.

यादी ड्रॉवरमध्ये असतानाच एका दुपारी तो टूल रूमवर आला. एक मोटर रिवाइंड होऊन आली होती, वाइंडिंगची तार परदेशातली. हसून म्हणाला, "बॉस, हे आमचंच तांबं फिरून आलंय का?" मग जरा घुटमळला. तिथे शाळा जानेवारीत सुरू होतात. मोठ्या मुलीला बोर्डिंगला घालायचं मनात होतं. फी एकदम भरायची, म्हणजे साठवलेलं सगळं जाणार. घालू का?

मी म्हणालो, "घाल. हुशार आहे ती."

दुसरं काय म्हणणार होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. गोष्ट गुप्त होती, माझी नोकरी गेली असती. खोटं. "थांब जरा" एवढं म्हटलं असतं तरी काही फुटलं नसतं. नाताळच्या तोंडावर नोटीस लागली, एक महिन्याचा पगार हातावर. तो आला, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

आणि लगेच राजीनामा देऊन परत आलो असं समजू नका. आणखी अडीच वर्षं काढली. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट त्याच पैशांतला.

परत आल्यावर अण्णांना हे सगळं तावातावानं सांगितलं. इंग्रज, रॉयल्टी, करार. फिटरचं सोडून. सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. ते म्हणाले, "आपल्याला पोलाद जमशेदपूरच्याच भावात मिळायचं, ठाऊक आहे ना? वाहतुकीचा खर्च सगळ्या देशावर सारखा वाटायचे. खनिज बिहारचं, कारखाने आपल्याकडे. नव्वदीपर्यंत चाललं ते. मग आपण कोण रे?" मी म्हणालो, ते वेगळं. कसं वेगळं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मला अजून नीट मांडता येत नाही. माझी इंजिनिअरिंगची फी त्या वर्कशॉपातून गेली होती.

त्या मुलीची फी शाळेनं परत केली का, हे मी फिटरला कधी विचारलं नाही.