विद्युत क्षेत्र खरंच असतं का?

'सर, ते विद्युत क्षेत्र खरंच असतं, की गणितं सुटावीत म्हणून मानायचं?' स्थितिक विद्युत शिकवायला घेतली की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही तोच विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. माझं उत्तर ठाम आहे: क्षेत्र खरं असतं, ते दाखवायला पुस्तकात काढलेल्या बाणांच्या रेषा मात्र काल्पनिक. आपण मुलांना रेषा आधी दाखवतो, क्षेत्राची जाणीव नंतर करून देतो (कधी कधी तीही राहून जाते), आणि घोटाळा तिथेच होतो.

कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा भराभर फिरवा आणि हातावरच्या लवेजवळ आणा, टेकवू नका. कंगवा अजून दूर असतानाच लव उभी राहते, कातडीवर हलकी झिणझिणी येते. कंगव्याभोवतीच्या जागेत न टेकताच असं बल जाणवतं, तेच त्याचं विद्युत क्षेत्र.

आता कागदाचे बारीक कपटे घ्या. कपटा उदासीन असतो, म्हणजे त्यात धन आणि ऋण विद्युत प्रभार सारखेच असतात, मग तो कंगव्याकडे उडी का मारतो? कंगव्यावर जादा इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे कण, आलेले असतात. त्यांच्यामुळे कागदाच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन किंचित मागे सरकतात. कंगव्याकडची बाजू थोडी धन होते, पलीकडची तितकीच ऋण. एका बाजूला ओढ, दुसरीला ढकल. दोन्ही सारख्या असत्या तर कपटा जागचा हलला नसता. पण कंगव्यापासून दूर जावं तसं क्षेत्र क्षीण होतं, म्हणून ओढ जराशी वरचढ ठरते. कागदाची जाडी ती केवढी! तेवढ्या अंतरातल्या फरकावर तो कपटा अख्ख्या पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर उठतो. मला याचं आजही नवल वाटतं. समांतर ठेवलेल्या दोन मोठ्या प्रभारित पत्र्यांच्या मधोमध क्षेत्र सगळीकडे सारखं असतं. तिथे उदासीन कपटा फार तर वळेल, पण कुठल्याच पत्र्याकडे ओढला जाणार नाही.

चुणचुणीत मुलं इथे अडवतात. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमने 1785 मध्ये नियम मांडला, दोन प्रभार आणि मधलं अंतर कळलं की बल काढता येतं, मग मध्ये क्षेत्र कशाला? शंका रास्त आहे, आणि प्रभार स्थिर आहेत तोवर तो नियम पुरतोही. पण प्रभार हलला की दूरच्या प्रभाराला ते ताबडतोब कळत नाही. बदल सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने पसरत जातो. सूर्यावरचा इलेक्ट्रॉन थरथरला, तर त्याचा परिणाम इथे पोहोचायला 8 मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. ऊर्जा सूर्याकडून निघाली आहे, आपल्याकडे आलेली नाही. तोवर ती कुठे असते? क्षेत्रात. जे ऊर्जा वाहून नेतं ते नुसतं मानलेलं कसं असेल? भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1865 मध्ये समीकरणांतून हेच मांडलं आणि 1887 च्या सुमारास हर्ट्झ या शास्त्रज्ञाने क्षेत्रातून अशा पसरत जाणाऱ्या लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या.

मग रेषा कशाला काढायच्या? इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने त्या वापरल्या, कारण क्षेत्राची दिशा आणि तीव्रता त्यांतून एका नजरेत कळते: रेषा दाट तिथे क्षेत्र जोरकस. पण किती रेषा काढायच्या हे आपण ठरवतो. दोन रेषांमधली जागा रिकामी नसते, तिथे प्रभार ठेवलात तर त्यालाही बल जाणवतं.