पोरं खेळतानाच दिसतात, शिकवता कधी?

शाळेच्या गेटपाशी, आठवडे बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेट झाली तरी पहिली-दुसरीचे पालक मला हा प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, पोरं वर्गात खेळतानाच दिसतात. शिकवता कधी?" कुणी जरा सांभाळून म्हणतं, "दिवाळी आली, पण वहीत काही दिसत नाही." आणि मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं घरात घाटत असलं की प्रश्नाला धार येते: "तिकडं पहिल्या महिन्यातच पोरं शंभरपर्यंत लिहितात."

प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलाचं वर्ष फुकट जाऊ नये ही काळजी त्यामागे आहे, आणि अशी काळजी करणारे पालक मला हवेच आहेत. पण गेटपाशी उभ्याउभ्या दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत सरांकडे. खिडकीतून डोकावणाऱ्याला एका कोपऱ्यात चिंचोके, दुसऱ्यात चिठ्ठ्या, मधे फासा आणि भरपूर आवाज एवढंच दिसणार. त्या आवाजात काय चाललेलं असतं, ते सांगते.

आधी शंभरपर्यंत लिहिण्याचंच घेऊ. 'एक ते शंभर लिहून आण' हा अभ्यास मूल कसा करतं, ते एकदा शेजारी बसून बघा. तिसाच्या ओळीत ते आधी वरून खाली तीन, तीन, तीन असे नुसते तीनच लिहून घेतं. मग परत वर जातं आणि प्रत्येक तीनच्या उजवीकडे शून्य, एक, दोन, तीन भरत खाली येतं. पान सुरेख दिसतं, घरचे खूश होतात. आता त्याच मुलाला विचारा, चौतीस जास्त की एकोणतीस? बरीच मुलं एकोणतीस सांगतात, कारण त्यात नऊ आहे आणि नऊ मोठा. म्हणजे त्या पानावर मुलाने आकडे काढले. संख्या त्याच्या मनात शिरलीच नाही.

पहिलीत आलेल्या मुलाला वीसपर्यंत म्हणता येतं, कधी पन्नासपर्यंतही. त्याच्यासमोर बारा चिंचोके ठेवून मोजायला सांगितलं की तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, एक सुटतो. समजा, नीट मोजले. मग मी विचारते, "किती आहेत?" मूल उत्तर देत नाही, पुन्हा 'एक, दोन, तीन' सुरू करतं. शेवटी म्हटलेला 'बारा' म्हणजे त्या सगळ्या ढिगाचा आकडा, हे अजून त्याला उमगलेलं नसतं. ते उमगायला खूप मोजावं लागतं आणि तेही हाताने: चिंचोके, खडे, वर्गातली दप्तरं, पोषण आहाराच्या रांगेतली ताटं. हे वहीत उमटत नाही. पण याच्याशिवाय बेरीज शिकवली तर ती हवेत राहते.

दुसरीचा माझा आवडता खेळ काड्यांचा आहे. खराट्याच्या सारख्या लांबीच्या काड्या, रबरबँडांचा डबा आणि एक फासा. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या. दहा जमल्या की रबर लावून गठ्ठा करायचा. सुट्ट्या काड्या नऊच्या वर कुणाकडेही राहता कामा नयेत, हा एकच कडक नियम. त्यावर मुलं एकमेकांची अशी तपासणी करतात की मला मधे पडावं लागत नाही. चार-पाच डाव झाले की मी विचारते, कुणाकडे किती? "तीन गठ्ठे, चार सुट्ट्या." मग फळ्यावर ३४. इथे पहिल्यांदा मुलाला दिसतं की हा तीन म्हणजे नुसता तीन नाही.

मग खेळ उलटा. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या हातात आहेत आणि फाशावर पाच पडले. द्यायच्या कशा? मूल थांबतं, काड्यांकडे बघतं, रबर काढतं. एखादं म्हणतं, "गठ्ठा सुट्टा करू का?" दुकानात दहाच्या नोटेचे सुट्टे मागताना त्याने मोठ्यांना ऐकलेलं असतं. उसन्याची वजाबाकी हीच. ज्या मुलाने रबर स्वतः काढलंय, त्याला पुढे कागदावर 'शेजाऱ्याकडून एक उसना घे' असं सांगितलं तर तो एक म्हणजे दहा का, हे वेगळं समजवावं लागत नाही. हे सगळं मी फळ्यावर एका तासात 'उरकू' शकते. तसं उरकलेलं असलं की चौथीतसुद्धा मूल बत्तीसमधून पाच वजा करताना पाचातून दोन काढून तेहतीस लिहितं.

मराठी मुलांची आणखी एक अडचण आहे. आपण बोलतो 'बासष्ट', म्हणजे दोन आधी. लिहितो मात्र सहा आधी. कानाने ऐकून लिहिणारं मूल २६ लिहितं. एकोणतीस ऐकलं की कानात 'तीस' घुमतं आणि वहीवर ३९ येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टच्या जोडीने 'साठ दोन' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपी वाट दिली आहे. मला त्यांचं तेव्हाही पटलं, आजही पटतं. बाजारात बासष्टच चालतं, तेव्हा ते आलंच पाहिजे. पण काड्या हातात असताना सहा गठ्ठे आणि दोन सुट्ट्या यांना 'साठ दोन' म्हटलं की मूल सरळ ६२ लिहितं. काही महिन्यांनी बासष्ट आपोआप रुळतं.

वाचनाचंही तसंच. "बाराखडी कधी घेणार?" घेते, पण पहिल्या दिवशी नाही. परिपाठ झाला की आम्ही गोल बसून गप्पा मारतो. कुणी सांगतं, "आमची शेळी व्याली. दोन करडं झाली." मी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते, सगळे बोट फिरवत वाचतात. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कागदाच्या पट्टीवर. पट्टी कापून शब्द वेगळे करायचे, पिसायचे, पुन्हा जुळवायचे. मग 'शेळी' हातात घ्यायची. शेवटी 'ळी' ऐकू येतो आहे असे आणखी शब्द सांगा. केळी, पोळी, होळी, मोळी, गोळी! वर्गभर आरोळ्या उठतात आणि 'ळी' पक्की होते. 'व्याली'सारख्या शब्दांतली जोडाक्षरं पहिल्याच महिन्यात डोळ्यांसमोरून जातात, आणि कुणी घाबरत नाही, कारण वाक्य ज्याच्या-त्याच्या घरचं असतं. आम्ही शिकलो तेव्हा जोडाक्षरं सगळ्यात शेवटी यायची आणि तोवर पुस्तकातली वाक्यं अशी असायची की घरात कुणी तसं बोलत नसे.

या गप्पांत मुलं 'व्हता', 'कवा', 'हाये' म्हणतात. मी मधेच टोकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला बोलताना तीनदा अडवलं की चौथ्यांदा ते हात वर करत नाही. पुस्तकातली भाषा त्याला गोष्टी ऐकून येते. म्हणून रोज एक तरी गोष्ट वाचून दाखवायचीच, हा माझा नेम आहे.

अक्षराच्या आधी कान तयार व्हावा लागतो. 'काकडी' आणि 'कावळा' एकाच आवाजाने सुरू होतात, हे ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला 'क' शंभर वेळा गिरवायला लावून काय उपयोग? त्यासाठी 'का'च्या वस्तू गोळा करा, 'पा'च्या गोळा करा असे खेळ.

हाताचं थोडक्यात सांगते. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती भरलेली नसतात. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यांनी बोटांत ताकद येते आणि मग पेन्सिल नीट धरली जाते. आधी वाळू, मग पाटी, मग वही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. वर्गात हालचाल दिसली म्हणजे शिकणं चाललंय, असं मी मानत नाही. सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं आणि फोटो काढायचे, यातून सहा वर्षांच्या मुलाला पिवळ्या रंगाबद्दल नवं काही कळत नाही. आईने रात्री जागून केलेला थर्माकोलचा किल्ला ही आईची कृती झाली. खेळ संपल्यावर मुलाला आधी न येणारं काय यायला लागलं, हे मला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो खेळ मैदानावरच्या सुट्टीत खेळावा. तिथेही तो महत्त्वाचाच आहे. आणि पाठांतराशी माझं वैर नाही. दोन-दोनच्या जोड्या लावून झाल्या की दोनचा पाढा रोज खणखणीत आवाजात म्हणवून घेते. कविता तर पाठच हव्यात.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही, हेही सांगते, कारण "वरून काय आदेश आहेत?" असं विचारणारेही असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा एकत्र धरला: अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत. म्हणजे पहिली-दुसरी बालवाडीच्या बाजूला ठेवली, चौथीच्या बाजूला नाही. पहिलीत आल्यावर सुरुवातीचे तीन महिने खेळातून शाळेची तयारी करून घ्यायची, त्यासाठी 'विद्याप्रवेश' आहे. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याचं केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं. त्यातली दुसरीअखेरची अपेक्षा बघा: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. अपेक्षा काही कमी नाही. खेळ घेतो म्हणून आम्ही मुलांकडून कमी मागतो, हा गैरसमज आहे.

त्याही फार आधी, १९४५ साली, आपल्या शेजारच्या पालघर भागात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात न्यायची. साहित्य काय, तर शिंपले, खडे, बिया, पानं. विकतच्या खेळण्यांना पैसे नव्हते आणि मुलांची ओळख होती ती याच वस्तूंशी. मला कोसबाडच्या या कामाचा फार आधार वाटतो. कुणी म्हणालं की आमच्या शाळेत साहित्य नाही, तर मी त्यांना शाळेमागचं चिंचेचं झाड दाखवते.

कमी पडतो तो वेळ. दोन वर्ग एकत्र असताना पहिलीच्या गोलात बसले की दुसरीला स्वतःचं स्वतः करता येईल असं काम लागतं, म्हणून दुसरीची मुलं जोडीने वाचतात, पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात. एवढी बसलेली घडी कुठलीतरी माहिती 'आजच्या आज' भरायच्या निरोपाने मोडते. लहान मुलांच्या वर्गातल्या पहिल्या दोन तासिका तरी कुणी मोडू नयेत, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

वही कोरी दिसली म्हणून काळजी वाटली तर घरी एवढं करून बघा. मूठभर शेंगदाणे ताटात टाका आणि किती असतील त्याचा आधी अंदाज करायला सांगा, मग मोजायला. दहा-दहाचे ढीग करून मोजतंय का, बघा. किराणाची पिशवी आली की तिच्यावरचं काय वाचता येतं ते विचारा. गोष्ट अर्धी सांगून पुढचं त्याला सांगू द्या, आणि चूक दुरुस्त करायची घाई करू नका. यात कुठे अडलं तर मला येऊन सांगा. वहीच्या पानांपेक्षा मला त्यातून जास्त कळेल. शनिवारी सकाळची शाळा असते. शेतावर जाण्याआधी अर्धा तास वर्गात येऊन बसा, मुलांबरोबर काड्यांचा एक डाव खेळा. सुट्ट्या काड्या नऊच्या वर मात्र जाऊ देऊ नका, लगेच पकडतात.